जबानी आणि कापसाच्या वाती

माझी पहिली मोठी केस खरं म्हणजे माझ्याकडे आलीच नव्हती. काकू आमच्या सरांना शोधत आल्या होत्या. सरांनी त्यांचा दिराबरोबरचा वाटणीचा दावा मिटवून दिला होता. तेव्हापासून मलकापुरात वकील म्हणजे सर, बाकीचे नुसते काळे कोट घातलेले लोक, असं त्यांचं पक्कं मत होतं. पण त्या दिवशी सर बुलडाण्याला तारखेला गेले होते आणि ऑफिसात मी एकटीच फाइलींच्या नाड्या बांधत बसले होते.

काकू पंख्याखालची खुर्ची बघून बसल्या. त्यांच्यामागे एक उंच मुलगी उभी होती, डोक्यावर ओढणी, हातात काकूंची पिशवी. काकूंनी एका दमात सांगून टाकलं. ही त्यांची भाडेकरू, अफगाणिस्तानातल्या हेरातची. इथल्या कॉलेजात फार्मसी शिकायला आली. ती इथे असतानाच तिकडे सत्ता बदलली. आता शिक्षण संपलं होतं, राहण्याचा परवाना संपत आला होता, आणि तिला परत पाठवायचं नव्हतं. शेवटचं वाक्य त्या अशा आवाजात बोलल्या, जणू पाठवणारी मीच होते.

सर संध्याकाळी येतील, असं मी सांगू लागले, तर त्यांनी हात हलवला. "सर राहू दे वं. तू पोरगी आहे, हे पोरगी आहे. तूच पाह्य."

मी हो म्हणाले. कशाला हो म्हणाले ते मला नंतर कळलं.

एलएलबीला आम्हाला जमिनीच्या वाटण्या शिकवल्या होत्या, जामीन शिकवला होता, पोटगी शिकवली होती. दुसऱ्या देशातून आलेल्या आणि परत जाऊ न शकणाऱ्या माणसासाठी वकिलाने काय करायचं, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदाच नाही, हेसुद्धा मला त्या आठवड्यात समजलं. दिल्लीत एक आंतरराष्ट्रीय कार्यालय आहे. आश्रय मागणाऱ्याचा अर्ज तिथे नोंदवतात, त्याची मुलाखत घेतात, आणि मायदेशी त्याच्या जिवाला खरंच धोका आहे असं पटलं तर निर्वासित म्हणून कार्ड देतात. कार्डाने सगळं सुटत नाही, पण परत पाठवण्याच्या वाटेवर ते आडवं उभं राहतं. कार्ड नाही मिळालं तर काय, हे वाक्य आमच्यापैकी कोणीच पूर्ण करत नसे.

शोधता शोधता दिल्लीच्या एका मॅडमचा पत्ता लागला. त्या असल्या केसेस फुकट चालवत. मला वाटलं होतं की फाइल त्यांच्याकडे सोपवली की माझं काम झालं. मॅडम म्हणाल्या की अर्जदाराला मुलाखतीत आपला वकील सोबत नेता येतो, ही मुलगी तुमच्यावर विश्वास ठेवते, तर तुम्हीच चालवा, मी फोनवर शिकवते. फोन ठेवल्यावर मी ऑफिसच्या गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीशेजारी एकटीच हसत उभी राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. आता मी दिल्लीत वकीलपत्र दाखल करणार होते.

आईला फोन केला, ही माझी घाई झाली. आमच्या गावच्या, धाडच्या, पुढच्या आठवडी बाजारात बाबा वांगी विकायला बसले, तोवर भाजीबाजारातल्या सगळ्यांना माहीत झालं होतं. कोणी म्हणालं पोरगी अफगाणिस्तानात वकिली करणार, कोणी म्हणालं पोरगी सरकारची वकील झाली. बाबांनी कोणालाच दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने वांग्यांची पिशवी घेऊन ते मलकापूरला आले आणि म्हणाले, ही तुझ्या पक्षकाराला दे. पक्षकार वकिलाला भाजी आणून देतो हे मी पाहिलं होतं. उलटं पहिल्यांदाच होत होतं.

आता कामाला लागायचं होतं, आणि मी मला येत होतं तेच काम केलं. मी शिकले ती दाखल्यांवर. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेतल्या वर्तणुकीचा दाखला. शिष्यवृत्ती असो की वसतिगृह, अर्जात "मी गरीब व होतकरू विद्यार्थिनी आहे" असं लिहायचं आणि मागे दाखले जोडायचे. दाखले जाड झाले की साहेब सही करतो, हा माझा अनुभव होता. म्हणून मी पक्षकाराला स्कूटीवर मागे बसवून गावभर फिरले. कॉलेजकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेतला. वॉर्डाच्या नगरसेवकाकडून घेतला. काकूंच्या बचत गटाने तर ठराव करून पत्र दिलं की सदर मुलगी हसतमुख, मनमिळाऊ व कष्टाळू असून तिला येथे कसलाही त्रास नाही, खाली सगळ्या सभासदांच्या सह्या आणि अंगठे. गणपती मंडळालाही दाखला द्यायचा होता, कारण तिने आरतीच्या वेळी खिरापत वाटली होती. मी तोही घेतला. अर्जाची सुरुवात मी "अर्जदार ही गरीब व होतकरू असून" अशीच केली आणि त्याचं इंग्रजी करून सगळं मॅडमना पाठवलं.

मॅडमचा फोन आला तेव्हा पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला. मग त्या हसू लागल्या. म्हणाल्या, वाचून मला कळेना की हिला नोकरी द्यायची आहे की हिचं लग्न जमवायचं आहे. इतक्या कागदांत ही इथे किती चांगली राहते ते आहे, तिथे का जाऊ शकत नाही ते एका ओळीतही नाही. आणि ते कार्यालय फक्त तेवढंच विचारणार आहे.

मी पक्षकाराला हे सांगितलं तेव्हा तीही हसली. मग म्हणाली, "मी सांगते ना ताई. काय मोठं नाई." तिचं हिंदी सिनेमातून आलेलं होतं आणि मराठी काकूंकडून. दोन्ही एकत्र बोलायची आणि "मले" म्हणताना मान अगदी काकूंसारखी वाकडी करायची.

पण ती सांगत नव्हती. मी वही घेऊन समोर बसले की ती ताठ बसून "हो", "नाही", "ठीक होतं" एवढंच म्हणे. मला वाटलं तिचा माझ्यावर विश्वास नाही. मग उन्हाळा आला. काकूंचा पापड-मसाल्याचा घरगुती धंदा होता. ओसरीवर लाल मिरच्यांचा ढीग पडला आणि काकूंनी आम्हा दोघींना देठं काढायला बसवलं. मिरच्या खुडता खुडता, माझ्याकडे न बघता, ती बोलू लागली.

हेरातला असताना ती दुपारी रेडिओवर आयांसाठी कार्यक्रम वाचायची. बाळाला जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, मुलीला शाळेतून काढू नये, असं. ती भारतात आली आणि मग तिकडे सत्ता बदलली. रेडिओत काम केलेल्या बायकांचा शोध सुरू झाला. तिच्याबरोबर वाचणाऱ्या मैत्रिणीला घरातून उचलून नेलं, पुढे काही कळलं नाही. दोन माणसं तिच्या वडिलांच्या दुकानात आली आणि मोबाइलवर तिच्या जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावून विचारलं, हा आवाज कुठे आहे. वडील म्हणाले, लग्न करून दिलं, लांब गेली. तेव्हापासून ती माणसं दर थोड्या दिवसांनी दुकानात येऊन बसत होती.

एवढं सांगून तिने एक मिरची उजेडात धरली. "या मिरचीत बी जास्त आहे ना, काकू?"

माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी शिंकत शिंकत मनात शब्द साठवले, घरी जाऊन लिहून काढले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा देठं काढायला हजर झाले. तिची पूर्ण हकीकत अशी मिरच्या संपेपर्यंत मिळाली. आमच्याकडे बायका महत्त्वाचं काही बोलतात ते असंच, हात कामात असताना. समोरासमोर बसून बोलतात ती भांडणं.

मग सराव. मॅडम म्हणाल्या की उत्तरं पढवायची नाहीत, ते नियमातही बसत नाही आणि लगेच कळतंही. पण प्रश्नांची सवय करून द्या. मी अधिकारी झाले. विचारलं, कशा आहात?

"मजेत," ती म्हणाली.

परत गेलात तर काय होईल?

"देवाची मर्जी. सगळं ठीक होईल."

मी कपाळाला हात लावला. पण तिला तरी काय बोलणार? माझ्या घरीही हेच चालतं. पाहुणा आला की आधी आपण मजेत असतो, पाऊसपाणी बरं असतं, चहा होतो, आणि पाहुणा उठला की उंबऱ्यात चप्पल घालता घालता घरात खरं काय चाललंय ते निघतं. ती म्हणाली की हेरातला तर एकमेकांची तब्येत पुन्हा पुन्हा विचारतात आणि दर वेळी छान आहे म्हणावंच लागतं. दोन्हीकडच्या सभ्यतेने तिची जीभ दुहेरी बांधून ठेवली होती.

काकूंना माझा अधिकारी पसंत नव्हता. त्यांच्या मते मी फार हळू विचारत होते. त्यांनी चष्मा लावला, पलंगावर पाय सोडून बसल्या आणि जाड आवाजात विचारलं की वडील काय करतात, भाऊ किती, उंची किती. पुढे स्वयंपाक येतो का आणि शिवण येतं का, तेही विचारलं. पक्षकार उशीत तोंड खुपसून हसत होती. म्हणाली की आमच्याकडेही मुलगी पाहायला येतात तेव्हा हेच विचारतात. त्यावर काकूंनी गंभीरपणे सांगितलं, "मंग पास झाली तू."

मुलाखतीची तारीख बऱ्याच महिन्यांनी आली. काकू सोबत येणार, हे त्यांनी आम्हाला विचारून ठरवलं नव्हतं. त्यांनी धपाटे केले, लसणाची चटणी कुटली, आणि एका पिशवीत सरकी काढलेला कापूस भरला. कुठेही बसल्या की वाती वळायच्या, ही त्यांची सवय. भुसावळला गाडी बदलून आम्ही दिल्लीच्या गाडीत बसलो आणि मध्य प्रदेश अर्धा पार होईपर्यंत डब्यातल्या बायकांना वातीच्या कापसाचे प्रकार, माझी वकिली आणि पक्षकाराची उंची या तिन्ही गोष्टी माहीत झाल्या होत्या. पक्षकारही वाती वळत होती. मी तळहातावर वळायला गेले तर माझी वात अळीसारखी झाली. दोघींनी ती डब्यातल्या सगळ्यांना दाखवली.

कार्यालयाच्या दारात काकूंना थांबावं लागलं. आत फक्त अर्जदार आणि वकील. काकू कडुनिंबाखालच्या बाकावर बसल्या आणि रखवालदाराला त्याचं गाव विचारू लागल्या.

खोली लहान होती. टेबलापलीकडे अधिकारी बाई, केस पिकलेल्या, आवाज शांत. बाजूला फारसी जाणणारा तरुण दुभाषा. माझी खुर्ची कोपऱ्यात. मॅडमनी मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं की वकिलाने मध्ये बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, भुवया उचलायच्या नाहीत. नुसतं टिपून घ्यायचं. शेवटी थोडी मिनिटं मिळतात, तेव्हा काय ते म्हणायचं. आमच्या घरात कोणी जेवताना गप्प बसलं तरी त्याला ताप आला का म्हणून विचारतात. मी एका हातात पेन धरलं आणि दुसरा हात मांडीखाली दाबून बसले.

अधिकारी बाईंनी विचारलं, कशा आहात, प्रवास कसा झाला.

फार छान, ती म्हणाली. सगळे फार चांगले आहेत.

आणि मुलाखत तशीच चालू राहिली, जणू आम्ही पाहुणे म्हणून आलो होतो. कॉलेज छान. घरमालकीण आईसारखी. रेडिओवर काम केलंत का? हो, थोडंसं. वडिलांच्या दुकानात कोण आलं होतं? काही माणसं. काय म्हणाली? माझ्याबद्दल विचारलं. मग? मग गेली. तिचं प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येकातून जीव निघून गेला होता. तिचे हात टेबलावर एकमेकांना धरून पडले होते. अधिकारी बाईंचं पेन मला दिसत होतं. ते फार थोडं चालत होतं. माझ्या जिभेच्या टोकावर ते रेकॉर्डिंग होतं, ती मैत्रीण होती, आणि मी गप्प होते. असा त्रास मला कुठल्या परीक्षेतही झाला नव्हता.

मग बाईंनी थोडी विश्रांती घेऊ या म्हटलं.

बाहेर काकूंची मांडी कापसाने भरली होती आणि रखवालदार धपाटा खात होता. काकूंनी तिचा चेहरा पाहिला आणि मला विचारलं की काय झालं. मी म्हणाले की मला काही शिकवता येत नाही, जे जसं घडलं तसं सांग एवढंच म्हणता येतं. ते मी तिला म्हणाले. ती म्हणाली, सांगितलं ना सगळं.

"भेव लागते म्हणून सांगितलं का?" काकूंनी विचारलं.

ती काकूंच्या मांडीवरच्या वाती एकेक करून सरळ लावू लागली.

काकूंनी हातातला कापूस बाजूला ठेवला. "काऊन, भेव म्हणायले लाज वाटते का? मले वाटते ना भेव. त्या सरकत्या जिन्याचं वाटते. पाय ठिवला तं खाली कुठं घेऊन जाईन काय माईत. सुनेचं वाटते, पुण्यात तिच्या मैत्रिणीसमोर बोलली तं हासते माह्या बोलण्याले. अन तू बाजारातून येईपर्यंत रोज वाटते. रोज. म्हणून मी फाटकात उभी राह्यतो, अन तू आली की म्हणतो, कोथिंबीर घ्यायले उभी होती."

पक्षकाराने विचारलं, म्हणजे ती कोथिंबीर?

"घरात ढीग पडते ना तिचा," काकू म्हणाल्या.

मला काय सुचलं कोण जाणे, मीही सांगून टाकलं की मला शेवटच्या इंग्रजी भाषणाची इतकी भीती वाटते की ते आठवून पोटात कळ येते. ती माझ्याकडे बघत राहिली. तिची वकील, काळ्या कोटातली, पोटात कळ येते म्हणत होती. ती हसू लागली. काकू हसू लागल्या. मग तिघींना थांबता येईना. एक थोडी थांबली की दुसरी "कोथिंबीर" म्हणे आणि पुन्हा सुरू. रखवालदार धपाटा हातात धरून आमच्याकडे बघत होता. हसता हसता तिची ओढणी खांद्यावर घसरली, तिने ती सारखी केली आणि डोळे पुसले.

आत जायची वेळ झाली तेव्हा तिने काकूंपुढे तळहात पसरला. "मले थोडा कापूस द्या. तिथं हात कुठं ठेवू, समजत नाई."

मी आत जाऊन शाळेतल्यासारखा हात वर केला आणि अधिकारी बाईंना विचारलं की माझ्या अर्जदाराला बोलताना हातात कापूस धरला तर चालेल का. बाईंनी कापसाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चालेल म्हणाल्या. दारावर सामान तपासणारा माणूस आला, त्याने पुंजका चाचपून पाहिला आणि परत दिला.

तिने पुंजक्यातून कापसाचा एक लांबट पेळू ओढला, तळहातावर ठेवला आणि वळता वळता बोलू लागली. खाली बघून, ओसरीवर बोलायची तशी. दुभाष्याला तिच्याबरोबर राहायला धावावं लागत होतं. दुकानात आलेल्या माणसांनी तिचा आवाज लावला तेव्हा वडील तराजूत साखर तोलत होते आणि पारडं हलायचं थांबेना. त्या रेकॉर्डिंगमध्ये ती बाळाला पाणी कसं उकळून द्यायचं ते सांगत होती. मैत्रिणीला नेलं तेव्हा तिची चप्पल दारातच राहिली, तिच्या आईने ती अजून उचललेली नाही. हे चपलेचं मला माहीत नव्हतं. मिरच्यांच्या वेळीही ते आलं नव्हतं. अधिकारी बाई विचारत होत्या, ती सांगत होती, एक वात, मग दुसरी वात, आणि बाईंचं पेन आता थांबत नव्हतं.

मग कोणी न विचारता ती वळायची थांबली. मान वर केली आणि बाईंकडे बघून एक छोटं वाक्य बोलली. दुभाष्याने ते सांगण्याआधीच मला कळलं होतं.

"मला भीती वाटते," दुभाषा म्हणाला.

शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले. तिथे उभं राहायचं नसतं. मी "युवर ऑनर" म्हणाले. तेही म्हणायचं नसतं. बाईंनी हसू दाबून बसायला सांगितलं आणि माझं पाठ केलेलं भाषण डोक्यातून साफ उडालं. त्यामुळे मला जे येत होतं ते मी साध्या, मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ही जिथे वाढली आणि आता जिथे राहते, दोन्हीकडे आपलं दुःख मोठ्याने सांगणं बरं मानत नाहीत. मीही तशाच घरातून आले आहे. तिचा आवाज हळू आहे म्हणून तिची भीती लहान समजू नका. एवढं बोलून मी पाणी प्यायले. ग्लास दुभाष्याचा होता.

निकाल यायला पुन्हा महिने लागले. त्या काळात काकू रोज फोन करायच्या, आणि फोन कशासाठी केला ते न सांगता कुरडयांबद्दल बोलायच्या. मेल आली तेव्हा मी मलकापूर कोर्टाच्या व्हरांड्यात एका शेताच्या बांधाच्या भांडणात उभी होते. इंग्रजी पुन्हा पुन्हा वाचलं. मान्य झालं होतं. मी सरांच्या हातात बांधाची फाइल दिली आणि काळ्या कोटातच पळाले. सर मागून काहीतरी विचारत होते.

काकूंच्या गच्चीवर धोतरावर कुरडया वाळत होत्या. मी धापा टाकत वर पोचले आणि सरळ कुरडयांवर पाय दिला. काकूंनी आधी माझ्या डोळ्यांना, मग माझ्या शिक्षणाला नावं ठेवली. मी बोलायचा प्रयत्न करत होते, पण मला श्वास नव्हता. मोबाइल पक्षकाराच्या हातात दिला. तिने वाचलं. ती खाली बसली, मोडलेल्या कुरडयांच्या मध्येच. मग तिने एक तुकडा उचलून तोंडात टाकला, कच्चाच, आणि चावत राहिली. काकू म्हणाल्या, "अवं काय झालं ते तं सांगा कोणी." आम्ही सांगितलं. मग काकू स्वतःच कुरडयांवरून चालत आल्या.

कार्ड घ्यायला ती एकटी दिल्लीला गेली. एकटीच जायचं, हे तिनेच ठरवलं. ती परत येणार त्या दुपारी काकू आणि मी स्कूटीवर स्टेशनला गेलो. गाडीतून उतरताना ती लांबून दिसली, सगळ्यांपेक्षा उंच, गळ्यात कार्डाची दोरी अडकवलेली, जणू शर्यतीत पदक मिळालं होतं. रिक्षा करू या, असं मी म्हणाले. पण काकूंना त्या दिवशी कशाचीच वाट बघायची नव्हती. मी पुढे, काकू मध्ये, ती मागे, मांडीवर बॅग, अशा आम्ही निघालो. काकू वाटेत दिसेल त्याला हात करत होत्या.

हायवेच्या चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवला.

खाकी दिसली की ती एरवी रस्ता बदलायची. काकूंबरोबर भाजी आणायला जातानाही ती चौक टाळून गल्लीतून जायची. मला वाटलं आता ती गप्प होईल. पोलिसाने माझं लायसन्स मागितलं. मी पर्स उघडली, ते घरी राहिलं होतं. वकील असून लायसन्स नाही म्हटल्यावर त्याने एक लांब श्वास घेतला आणि मागे बघून विचारलं की या बाई कुठल्या.

काकू म्हणाल्या की आमचीच आहे.

"थांबा काकू," ती म्हणाली. ती उतरली, गळ्यातलं कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "मी अफगाणिस्तानची आहे. तिथं मले धोका आहे, म्हणून इथं राहून राह्यली. हे माहं कार्ड."

हे ती भर चौकात बोलली, ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून. शेजारी उभा असलेला उसाचा रसवाला गाडा थांबवून ऐकत होता. पोलिसाने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, फोटो तिच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला.

"फोटो चांगला आला," तो म्हणाला आणि कार्ड तिला परत दिलं. "पण तिघी नाही चालत. निर्वासित असो की कलेक्टर."

काकू त्याच्याशी वाद घालायला लागल्या. आज कोणता दिवस आहे हे त्याला माहीत आहे का, त्याला बहिणी आहेत का, तो कोणत्या गावचा. तो देऊळगाव राजाकडचा निघाला. काकूंची बहीण तिकडे दिली होती. पण तरी तो ऐकेना. शेवटी प्रश्न आला की उतरायचं कोणी. काकू म्हणाल्या मी चालते. ती म्हणाली तुमचे गुडघे दुखतात, मी चालते. मी म्हणाले आज तू चालायचं नाही. कोणी ऐकेना, तेव्हा मी गाडी बंद केली, बॅग सीटवर ठेवली आणि आम्ही तिघी स्कूटी ढकलत उड्डाणपुलाचा चढ चढू लागलो. मी हँडल धरलं होतं, काकू बॅगेला धरून चालत होत्या, ती मागून लोटत होती आणि कार्ड तिच्या गळ्यात इकडून तिकडे हलत होतं. पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत काकूंनी तिला चार ठिकाणी थांबवून कार्ड पुन्हा दाखवायला लावलं होतं.

मागून शिट्टी वाजली. आम्ही चुकीच्या बाजूने चाललो होतो.